भूतदयेचा नेम



वारकरी सज्जनहो, गळ्यात माळ पडली की तिच्यामागोमाग नेम येतो. एकादशी आली, हरिपाठ आला, वर्षाची वारी आली. लहर लागेल तेव्हा देव कोणालाही आठवतो. मन कंटाळले, पाय दुखले, तरी पाऊल पंढरीकडेच पडते, त्याचे नाव नेम. आज आम्हांला सांगायचे ते एवढेच की, भजनाला जसा नेम आहे तसा दयेलाही हवा.

नामदेवरायांची कथा आपण सर्व जाणता. कुत्र्याने भाकर पळविली, आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कशासाठी? तर कोरडी भाकर त्याच्या घशाखाली उतरणार कशी! नाथमहाराजांचेही तसेच. गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, केवढे व्रत! पण वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि ते पाणी त्याच्या मुखात गेले. व्रत मोडले काय? नाही हो, तेथेच ते पुरे झाले.

कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. मंडपाबाहेर आलो की मोटारीखाली पाय मोडलेले कुत्रे रस्त्याकडेला पडलेले असते, आणि आपण उपरणे सावरून पुढे जातो! त्याहून वाईट गोष्ट घरच्या मुक्या जिवाची. पोरांच्या हट्टापायी पिल्लू आणायचे, लाडाने वाढवायचे, आणि ते म्हातारे झाले, त्याला खरूज झाली, की रात्री पोत्यात घालून गावाबाहेर सोडून यायचे. रस्त्यावर जन्मलेल्याला उकिरडा तरी ठाऊक असतो. घरात वाढलेले बिचारे तेथेच धन्याची वाट पाहात उभे राहते. प्राण्याला असे उपाशीतापाशी टाकणे 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण माळकऱ्याला कायदा कशाला दाखवावा? माउलींनी पसायदानात मागणे मागितले ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी.

अशा टाकलेल्या, जखमी जिवांना उचलून आणणारी आश्रयस्थाने आज ठिकठिकाणी आहेत. जखमा धुवायच्या, मोडलेल्या हाडाला आधार बांधायचा, पिसाळाची लस टोचायची, आणि आंधळ्या-पांगळ्यांना मरेपर्यंत सांभाळायचे, हे त्यांचे रोजचे काम. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. 1832 साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा शहरात मोठी खळबळ माजली. पुढे 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापारी पुढे आले नि पांजरपोळ उभी राहिली. नुसती हळहळ करून ते थांबले नाहीत. मुक्या जिवांसाठी कायमचे ठिकाण त्यांनी उभे केले.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, माणसांनाच पुरेना, कुत्र्यामांजराला कोठून घालावे?" बाबांनो, आपले घर उपाशी ठेवून द्या असे आम्ही म्हणत नाही. दुसरा म्हणेल, "ज्याचे त्याचे प्रारब्ध!" असेल. पण त्याच्या प्रारब्धाने त्याला तुमच्या वाटेत आणून ठेवले. आता पुढचे कर्म तुमचे आहे.

मग करावे काय? एकादशी महिन्यातून दोनदा येते. "एकादशी नि दुप्पट खाशी" असे न करता त्या दिवशीच्या जेवणाचे वाचले ते बाजूला ठेवा, आणि महिन्याच्या महिन्याला जवळच्या आश्रयस्थानाला पोचते करा. वाढदिवसाला एकदम पोते टाकून वर्षभर विसरू नका. तेथल्या जिवांना भूक रोज लागते. देण्याआधी विचारा, काय हवे? तुपाची वाटी ती हीच. कधी तांदूळ हवे असतील, कधी औषध, कधी अंथरायला जुनी लुगडी. पैसा नसेल त्याने एक सकाळ झाडलोट करावी. मात्र आपले म्हातारे कुत्रे नेऊन तेथे बांधावे आणि त्याला मदत म्हणावे, हे पाप करू नये.

दिंडीवाल्यांना आणखी एक विनंती. कधी कधी एखादे कुत्रे टाळांच्या मागे चालू लागते. आपण कौतुकाने त्याला घास घालतो, आणि पंढरीच्या गर्दीत ते परके होऊन मागे राहते. पहिल्याच मुक्कामावरून त्याला माघारी पोचवा. नाहीतर परतीच्या मालमोटारीत त्याला जागा द्या. ज्याने तुमच्याबरोबर वाट चालली तो वारकरीच की!

विटेवरचा देव अठ्ठावीस युगे उभा आहे, तो भक्ताची वाट पाहतो. गावाबाहेर टाकलेले ते मुके लेकरूही कोणाची तरी वाट पाहते आहे. एकाकडे जाताना दुसऱ्याला ओलांडून जाऊ नका, एवढेच आमचे मागणे.

पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!