जुगारी माणूस दोषी की आजारी?

 

दिवाळीत पत्त्यांचा डाव मांडायची आपल्याकडे जुनी रीत. सण सरला की बहुतेक घरी पत्ते कपाटात जातात. काही घरी मात्र डाव मोडतच नाही, आणि आता तर तो खिशातल्या मोबाइलवर येऊन बसलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायद्याने दुकान बंद होतं, मनाची ओढ नाही. म्हणून सेवेच्या निमित्ताने घरोघरी जाताना आम्हा बायकांपुढे हा प्रश्न येतोच: जुगाऱ्याला दोषी म्हणायचं की आजारी?

वैद्यकशास्त्र आजारी म्हणतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये जुगाराला मनोविकारांच्या यादीत घेतलं आणि २०१३ मध्ये दारूसारख्या व्यसनांच्या रांगेत बसवलं. ब्लाझिन्स्की आणि नॉवर या अभ्यासकांनी २००२ मध्ये तिथवर पोचायच्या तीन वाटा सांगितल्या.

*पहिली, सवयीची.* माणूस मुळात ठीकठाक. मित्रांच्या नादाने खेळतो, कधी सुरुवातीलाच मोठी रक्कम लागते, ती चव विसरत नाही. मग हरलेलं परत मिळवायला आणखी लावतो. "इतक्यांदा हरलो, आता लागणारच!" पण फाशांना मागचं काही आठवत नसतं.

*दुसरी, दुःखाची.* लहानपणीचे घाव, उदासी, एकटेपणा. हा पैशापेक्षा मन बधिर करायला खेळतो.

*तिसरी, उतावळेपणाची.* लहानपणापासून धीर नाही, नियम सोसत नाहीत, जोडीला बहुधा दुसरंही व्यसन. याला सावरणं सगळ्यात अवघड.

तिघांना एकच बोलणी खायला घातली तर कसं चालेल? पहिल्याला हिशेब मांडून दाखवला तर तो भानावर येऊ शकतो. दुसऱ्याला "लाज नाही वाटत?" म्हटलं, तर ज्या दुःखापासून तो पळतोय तेच आपण वाढवतो. तिसऱ्याला तर डॉक्टरशिवाय गत्यंतर नाही.

मग दोष कुणाचाच नाही का? तसंही नाही. वनपर्वात भीम बोल लावतो, तेव्हा युधिष्ठिर कबूल करतो की दुर्योधनाचं राज्य घ्यायच्या इच्छेने आपण खेळायला बसलो. फासे शकुनीच्या मनासारखे पडतायत हे दिसत होतं, मनाला आवरता आलं असतं, पण रागाने धीर घालवला. आम्हाला वाटतं, ओढ लागणं हा गुन्हा नव्हे. ती कळल्यावर लपवणं आणि मदत नाकारणं, तिथून माणसाची जबाबदारी सुरू होते.

आणि घरच्यांची? त्याच पर्वात नळाची कथा आहे. नळ पुष्कराशी खेळतच राहिला, कुणाचं ऐकेना. तेव्हा दमयंतीने वार्ष्णेय सारथ्याबरोबर दोन्ही मुलं विदर्भात, कुंडिनपुरी माहेरी पाठवली, आणि स्वतः एका वस्त्रानिशी नवऱ्यामागे वनात गेली. तिने नवरा सोडला नाही, पण मुलंही डावात सापडू दिली नाहीत.

आपण नेमकं उलटं करतो. दागिने मोडून गुपचूप उधारी फेडतो आणि वर बोलून बोलून त्याला घराबाहेर काढतो. फेडलेली उधारी त्याला पुढच्या डावाची मोकळीक वाटते. ही दया नव्हे. दया म्हणजे पैशाचे व्यवहार आपल्या हाती घेणं, मुलांची फी आणि दागिने वेगळे ठेवणं, आणि जेवणाचं ताट मात्र त्याच्यासमोर रोज प्रेमाने ठेवणं.

टेकडीवर आईला नवस जरूर बोलावा, नामही घ्यावं. पण डॉक्टरची जागा नवसाला देऊ नये. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र आहे, फोन फुकट. आणि कुणाला मन मोकळं करायचं असेल, तर गुरुवारच्या आरतीनंतर आमच्यापैकी कुणालाही बाजूला घेऊन सांगा. गोष्ट आमच्यापाशीच राहील.

गुरुचरणी,
सेवेकरी भगिनी, धार-देवास