इशारा कोणाला?

दोस्तहो, बिडीच्या कट्ट्यावरचं चित्र तुम्ही पाहिलंय. रोगानं सडलेलं शरीर, शेजारी मरणाची अक्षरं. प्रश्न असा की हा इशारा कोणाला? आणि तो देऊन सुटतो कोण?

सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापायचा कायदा 1975 साली झाला. बिडी त्यात नव्हती. म्हणजे बाबूला सावध केलं, हमालाला ओढू दिलं. 2003 च्या कायद्यानं बिडीही आत घेतली. 31 मे 2009 पासून चित्र आलं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळतं, एवढं खरं. पण टपरीवर बिडी सुटी मिळते. चित्र कट्ट्यावर राहतं, बिडी ओठात जाते. 2020 साली महाराष्ट्रात सुट्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणानं.

मी भंडारा जिल्ह्यातला, राईस मिलमध्ये पोती उचलणारा. इकडे बाया सुपात तेंदूपत्ता अन् जर्दा घेऊन बिड्या वळतात. जर्द्याची धूळ नाकात, खोकला रात्रभर. एक म्हातारी माय म्हणाली, ''पिणाऱ्याले चित्र दाखोते बापा, वळणारीले कोण दाखोते?''

1966 च्या बिडी कामगार कायद्यात स्वच्छतेची, मोकळ्या हवेची कलमं होती. बिडी कारखान्यातून झोपडीत आली, कलमं तिकडेच राहिली.

मालक म्हणणार, छापलंय ना! छापलं की त्यानं हात झटकले. नीतीचा प्रश्न इथंच आहे. ज्याला 'नाही' म्हणता येतं त्याच्यासाठी इशारा हा इशारा. ज्याची चूलच त्यावर पेटते त्याच्यासाठी ती नुसती पावती : सांगितलं होतं, आता मेलास तर तुझा तू.

म्हणून इशारे फाडा असं मी म्हणत नाही. 2018 पासून तंबाखू सोडायला मदतीचा फोन नंबर छापायचा नियम आला, 1800-11-2356. चांगलं झालं. पिणाऱ्याला सुटायची वाट दाखवली. पण वळणारीला सुटायचा नंबर कोणता? दुसरं काम, पुरी मजुरी, दवाखाना, हे मागे उभं राहील तेव्हाच इशारा खरा.

तुम्ही वस्तीत अभ्यासवर्ग घेता. पुढच्या वर्गात एक कट्टा मधे ठेवा. सुपावर बसणाऱ्या बायांना बोलवा. आधी त्यांना बोलू द्या.