पहिल्या भांडवलाचा धर्मविचार

तंत्रज्ञानाच्या नवउद्योगाने पहिले भांडवल कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा मानला जात असला, तरी ज्या कामाच्या यशाची हमी कोणालाच देता येत नाही ते बुडाल्यास नुकसान कोणी सोसावे, हा नैतिक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. धर्मशास्त्राने त्याचा विचार दोन वेगळ्या व्यवहारपदांत, म्हणजे वादविषयांत, केला: ‘ऋणादान’ हे कर्जाच्या देवघेवीचे पद आणि ‘संभूयसमुत्थान’ हे अनेकांनी मिळून केलेल्या उद्योगाचे. कर्जाची मुद्दल ऋणकोचे काम फसले तरी फेडावीच लागते. संभूयसमुत्थानात मात्र, याज्ञवल्क्यस्मृतीनुसार, नफा आणि तोटा दोन्ही भांडवलाच्या प्रमाणात किंवा आधी झालेल्या संविदेप्रमाणे, म्हणजे कराराप्रमाणे, वाटले जातात.

कर्जाच्या नियमांतही धोक्याची जाणीव होतीच. याच स्मृतीत अरण्यातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला दरमहा शेकडा १० आणि समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा २० व्याज सांगितले आहे, कारण तेथे मुद्दलच बुडण्याची भीती असे. जादा व्याज हे धनकोने पत्करलेल्या भयाचे मोल होते. या दृष्टीने पाहता, ज्याचे उत्पादन अजून सिद्धच झालेले नाही अशा उद्योगाला चढ्या व्याजाने कर्ज द्यायचे आणि वर संस्थापकाची वैयक्तिक हमी व राहते घर तारण घ्यायचे, हा व्यवहार कायद्याने वैध असला तरी न्याय्य नाही, कारण त्यात भयाचे मोल घेतले जाते आणि भय मात्र दुसऱ्यावरच राहते. इस्लामी विधिविचारातील ‘मुदारबा’ हा भागीदारीचा प्रकार येथे अधिक स्पष्ट आहे: तोटा झाल्यास भांडवलदाराचे धन जाते आणि उद्योजकाचे श्रम वाया जातात, पण उद्योजकाची हयगय किंवा करारभंग नसेल तर त्याच्याकडून धन वसूल करता येत नाही.

समभाग घेणारा गुंतवणूकदार म्हणजे खरा भागीदार, असेही सरसकट म्हणता येत नाही. २ कोटी रुपये देऊन २० टक्के हिस्सा घेणाऱ्याच्या करारात, कंपनी विकली गेल्यास आधी त्याची रक्कम परत करावी, असे अग्रक्रमाचे कलम बहुधा असते. कंपनी अडीच कोटींना विकली गेली, तर हिश्शाप्रमाणे त्याला ५० लाख मिळाले असते. या कलमामुळे त्याला २ कोटी मिळतात आणि उरलेल्या ८० टक्क्यांच्या वाट्याला ५० लाख येतात. हे कलम अन्यायाचेच असते असे नाही, कारण ते नसेल तर संस्थापक गुंतवणूक मिळताच कंपनी विकून दुसऱ्याच्या पैशाचा मोठा वाटा उचलू शकेल. शिवाय स्मृती संविदेला मान्यता देते. पण संविदा समजून केलेली असावी लागते, आणि पहिल्या करारावर सही करणाऱ्या तरुणाला हा हिशेब कोणी मांडून दाखवलेला असतोच असे नाही.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत संकल्पना पडताळण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळते; तेथे तोटा समाज सोसतो, म्हणून निष्कर्ष प्रतिकूल निघाला तरी तो प्रामाणिकपणे सांगणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. सर्वांत अवघड प्रश्न घरच्या पैशाचा आहे. आईवडिलांची निवृत्तीची पुंजी प्रेमापोटी दिली जाते, ती कर्ज की भाग हे कोणी विचारत नाही, आणि तोटा सोसण्याची ताकद सगळ्यांत कमी त्यांचीच असते. म्हणून व्याज नाही एवढ्यावरून हा पैसा सर्वांत निर्धोक समजणे चूक आहे, आणि तो घ्यायचाच असेल, तर पूर्ण बुडाला तरी त्यांचे औषधपाणी व घरखर्च अडणार नाही इतकाच घेणे उचित ठरते.