ग्रहणाची साक्ष

गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने 1999 मध्ये डोंबिवलीत सुरू झालेली आणि पुढे कल्याण-ठाण्यातही रुजलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ज्या तिथीला निघते, ती तिथी गणिताने येते. चंद्र सूर्याच्या पुढे 12 अंश सरकला की एक तिथी संपते. विज्ञान व धर्म यांचे नाते ‘संघर्ष’ या एकाच शब्दात बसवू पाहणाऱ्यांनी पंचांगवादाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेत चंद्राच्या मध्यम स्थानाला एकच मोठा संस्कार देतात, मंदफलाचा. तो फार तर सुमारे 5 अंशांचा. वास्तविक मंदफल सव्वासहा अंशांचे आहे. परंतु सिद्धान्ताची कसोटी होती ग्रहण, आणि ग्रहण अमावास्येला वा पौर्णिमेलाच होते. नेमके त्याच वेळी चंद्रगतीतील दुसरे एक विचलन पहिल्याला सव्वा अंशाने उणे करते व बेरीज 5 अंशांवर येते. अष्टमीच्या सुमारास तीच बेरीज साडेसात अंशांपर्यंत जाते; तिथीच्या समाप्तीत 4-5 तासांची चूक पडू शकते. ग्रहणे सिद्धान्ताच्या बाजूने साक्ष देत राहिली. अष्टमीला साक्षीसाठी कोणी बोलावले नाही. मुंजालाने 10व्या शतकात दुसरा संस्कार सांगितला होता, पण रूढ पंचांगांनी तो घेतला नाही. पॉपरच्या अर्थाने हा सिद्धान्त खंडनक्षमच होता. खंडनाची जागा मात्र परंपरेच्या नजरेबाहेर राहिली.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. तिथी 5 घटिकांहून अधिक वाढत नाही व 6 घटिकांहून अधिक घटत नाही, हे या गणिताचे फलित धर्मशास्त्राचा नियम होऊन बसले. प्रत्यक्षात ही मर्यादा सुमारे 7 व 10 घटिकांची आहे. व्यं. बा. केतकर, लोकमान्य टिळक आदींनी दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यासमोर श्रद्धा म्हणून जे उभे केले गेले ते वस्तुतः जुने विज्ञानच होते. त्याची उपपत्ती विस्मृतीत गेली होती, वचन तेवढे उरले होते. आणि सुधारकांचा युक्तिवाद तरी कुठे धर्मबाह्य होता? तिथी खरी नसेल तर कर्म अकाली ठरते, हाच तो.

दृक्पक्षातही एकमत झाले नाही. राशिचक्राचा आरंभबिंदू केतकरांनी चित्रा तारकेवरून ठरवला, टिळकांनी रेवतीवरून. दोहोंत सुमारे 4 अंशांचे अंतर. म्हणून कधी कधी अधिक मास वेगळा येतो आणि सण महिन्याने सरकतात. आरंभबिंदू कोठे मानावा, याचा निवाडा कोणतीही दुर्बीण देऊ शकत नाही. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीनुसार 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिकेचा वर्षारंभ 22 मार्चला, लीप वर्षी 21 मार्चला, होतो. स्वागतयात्रा ती तारीख पाहून निघत नाही.