पाठीवर एक तळवा

बसा.

मांडी घाला, पाय लांब करा, जसं जमेल तसं. पाठ सरळच हवी असं काही नाही.

डोळे हळूच मिटा. आणि धारूरला या.

जानेवारी सरत आलाय. दिवस कलला आहे. बालाघाटच्या डोंगरावरून गार वारं येतंय. उन्हात अजून ऊब आहे, सावलीत नाही.

समोर एका शाळेचं मैदान आहे. मुरमाड जमीन. दोन लाकडी खांब. कडेला एक लिंबाचं झाड. आणि लांबवर किल्ल्याचे बुरूज. आदिलशाहीच्या काळापासून, साडेचारशे वर्षं, ते असेच उभे आहेत. त्यांना कुठं जायचं नाही.

आपल्यालाही आत्ता कुठं जायचं नाही.

शाळा सुटली. दप्तरं घराकडे गेली. थोडी लेकरं मात्र मागे राहिलीत. खो-खोच्या पोरी आहेत. कबड्डीची पोरं आहेत. पळणारी चार-पाच जणं आहेत.

आज सराव नाही. शिट्टी सरांच्या खिशात आहे.

तालुक्याला खेळून झालं. जिल्ह्याला खेळून झालं. डिसेंबरातला क्रीडा सप्ताह झाला, स्नेहसंमेलन झालं, मंडप उतरला. खेळाचा हंगाम संपला. आता सगळी गोल करून नुसती बसलीत.

तुम्हीही बसा त्यांच्यात. ती सरकून जागा करून देतील.

एक श्वास आत घ्या.

सोडा.

*

आधी फक्त ऐका.

लिंबाची पानं. दूर घाटात चढणाऱ्या ट्रकचा घुमता आवाज. कुठंतरी शेळ्या. कुणाच्या तरी हाताखाली मुरूम करकरतो.

आता जमिनीकडे बघा.

फक्कीच्या रेषा अजून दिसतात, पण तुटक. कडेला पांढऱ्या आहेत. मध्ये नाहीत. जिथं पाय जास्त पडले, तिथली रेषा आधी गेली.

कोणता सामना होता, कोण जिंकलं, हे आठवू नका. नुसती ती पुसलेली जागा बघा.

तिथं कुणीतरी खूप पळालंय.

इतकंच.

*

आता कबड्डीच्या पोरांकडे या.

एकाच्या कोपरावर खपली आहे. तो ती खरवडतोय. दुसरा त्याचा हात धरून खाली ठेवतो. दोघंही बोलत नाहीत.

यांचा खेळ श्वासाचा आहे. चढाईला जायचं, ओठांवर एकच शब्द ठेवायचा, आणि तो तुटू द्यायचा नाही. समोरच्या अंगणात श्वास घ्यायचा नाही. घ्यायचा तो आपल्या अंगणात परत आल्यावर. फार तर तीस सेकंद.

आपल्या भाषेत त्याला दम म्हणतात. दम धरायचा. दम राखायचा. आणि कुणी थकून आलं, की त्याला सांगायचं, दम खा जरा.

हंगामभर या पोरांनी दम धरलाय. आज ती दम खातायत.

त्यांच्याबरोबर तुम्हीही खा.

श्वास आत येऊ द्या. पोटापर्यंत. तिथं क्षणभर थांबा.

आता सोडा. मधली रेषा ओलांडून आपल्या अंगणात परत आल्यासारखा.

पुन्हा एकदा.

आपलं अंगण. इथं कुणी पाय धरत नाही.

*

पळणारी जरा बाजूला बसलीत. पळणाऱ्यांना एकटं बसायची सवय असते.

त्यातली एक पोर बोटानं मातीत रेघ ओढते. मग तिला चिकटून दुसरी रेघ. दोन्हींमध्ये केसाएवढं अंतर. ही तिची शर्यत असेल. विचारू नका.

याच बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, मांडवा नावाचं गाव आहे. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा एक मुलगा तिथून कोसोन् कोस शाळेला पायी जायचा, पळत जायचा. अविनाश साबळे. २०२२ साली बर्मिंगहॅमला, राष्ट्रकुल स्पर्धेत, तो तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. सोनं राहिलं ०.०५ सेकंदानं.

पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

एकदा पापणी लववा. हळू.

एवढ्यात काय काय मावतं. अख्खा हंगाम मावतो. पहाटेचा गारठा, शेकोटीचा धूर, स्वेटर काढून ठेवतानाचा शहारा, तळपायाला लागलेला खडा.

पुढच्या वर्षी हांगझोऊला, आशियाई स्पर्धेत, त्यानं सोनं आणलं. पण ते पुढचं झालं. आत्ता त्या दोन रेघांपाशी थांबा.

मधल्या फटीत थोडी माती आहे. तिच्यावर कलतं ऊन पडलंय.

बघत राहा.

*

आता उठू नका. मनानंच मैदानाच्या मध्यावर या.

दोन खांबांच्या मध्ये एक लांब पट्टी आहे. तिच्यावर आठ चौकोन. आठ पोरी तिथं बसतात. एकीचं तोंड किल्ल्याकडे, दुसरीचं शाळेकडे. तिसरीचं किल्ल्याकडे, चौथीचं शाळेकडे. नववी पाठलाग करते.

तुम्ही त्यांतल्या एक व्हा.

एका चौकोनात बसा. हातांची बोटं जमिनीला टेकलेली. एक पाय मागे, सुटायला तयार. मान थोडी वर.

समोरचं तुम्हाला दिसतं. मागचं दिसत नाही.

मागे पावलं वाजतात. जवळ येतात. लांब जातात. पुन्हा जवळ येतात. तुम्हाला उठावंसं वाटतं.

उठू नका.

खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम आहे. जी आधीच उठते, तिच्यासाठी शिट्टी वाजते.

बसून राहा. पूर्ण जागं राहून बसा.

खो-खो म्हणजे पळणं, असं बाहेरून वाटतं. नऊ मिनिटांच्या पाळीत पाठलाग करणारी प्रत्येक वेळी एकटीच. बाकीच्या आठ वाट बघतात. खेळाचा मोठा भाग हा असा, उकिडवं बसून, पाठीनं ऐकण्याचा आहे.

तुमची पाठ आत्ता काय ऐकते?

दोन्ही खांद्यांच्या मधली जागा. तिथं आपलं लक्ष सहसा जात नाही. डोळे पोचत नाहीत, हातही नीट पोचत नाही. आत्ता लक्ष तिथं न्या.

थोडा गारवा असेल. सदऱ्याचा स्पर्श असेल.

तिथंच थांबा.

आणि आता तळवा.

घामेजलेला, मातीनं खरखरीत झालेला एक तळवा पाठीवर टेकतो. त्याच क्षणी कानाशी एक शब्द.

खो.

*

हा शब्द पुन्हा ऐका. मनातल्या मनात.

खो.

त्यात जोर आहे, पण राग नाही. तो सांगतो, मी इथवर आले. आता तू.

मग तुम्ही उठता. आणि जिनं खो दिला, ती तुमच्याच चौकोनात बसते. तुमच्या पावलांनी कोमट झालेल्या जागेवर. ज्या बाजूला तुमचं तोंड होतं, त्याच बाजूला तोंड करून.

एक उठते. एक बसते.

एक उठते.

एक बसते.

श्वासासारखं.

या पोरींच्या पाठीवर हंगामभर किती तळवे पडले असतील! कुणी मोजले नाहीत. गुण फलकावर लिहिले जातात, तळवे लिहिले जात नाहीत. आज गोल करून बसल्यावर पाठींना ते आठवतायत. एकीचा हात नेहमी गार असायचा. एकीचा जोरात पडायचा, दिवसभर चुरचुरायचं. एकीचा इतका हलका, की शब्द ऐकल्यावरच कळायचं.

पाठीला बरंच काही लक्षात राहतं. आपणच तिला विचारत नाही.

*

शेजारच्या केज तालुक्यात कळंबअंबा नावाचं गाव आहे. प्रियांका इंगळे तिथली.

१९ जानेवारी २०२५. दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम. पहिल्यावहिल्या खो-खो विश्वचषकाचा अंतिम सामना. ती भारताच्या महिला संघाची कर्णधार. समोर नेपाळ. ७८ विरुद्ध ४०. चषक भारताचा.

तिथं जमीन मुरमाची नव्हती, गादीची होती. दिव्यांचा झगझगाट होता.

पण तिथंही पोरी पाठ करूनच बसल्या होत्या. तिथंही कुणी आधी उठायचं नव्हतं. आणि तिथंही तळवा पडायचा तो याच जागी. दोन खांद्यांच्या मध्ये.

तो तळवा आणि हा तळवा, दोन्ही एकदम मनात धरा.

वेगळे वाटले तर वेगळे. एक वाटले तर एक.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता गोलाकडे परत या. हलकेच.

मोजू नका, पण एक जागा मोकळी आहे.

बीडमध्ये हिवाळ्याला दोन हंगाम असतात. एक खेळाचा. दुसरा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची उचल घेतलेली माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या मागे भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. काही सोबत जातात.

एक पोर सोबत गेलीय.

ती या संघात होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि ती आली नाही. सरांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

तिच्या चौकोनात दुसरी बसू लागली. खो-खोत चौकोन मोकळा ठेवता येत नाही.

गोलात ठेवता येतो.

दुःख करायला सांगत नाही. कारणं शोधायलाही सांगत नाही. फक्त ती मोकळी जागा बघा. एका पोरीएवढी जागा. दोन्ही बाजूंच्या पोरी जराशा सरकल्या, तरी ती भरून निघाली असती.

त्या सरकत नाहीत.

ती आत्ता कुठंतरी उसाच्या फडाच्या कडेला, कोपीपुढं, चुलीसमोर बसली असेल. समोरून धग. पाठीला गारठा.

तिच्या पाठीची तेवढी जागा मनात धरा.

आणि जमलं तर, मनानंच, तिथं आपला तळवा ठेवा.

काही बोलू नका. खो म्हणू नका. तिला कुठं पळायला लावायचं नाही.

नुसता ठेवा.

*

ऊन आता खांबाच्या शेंड्यावर आहे.

त्या खांबाकडे बघा. खालून खडबडीत आहे. वर, छातीच्या उंचीला, गुळगुळीत. हातांनी गुळगुळीत झालाय.

खो-खोत पाठलाग करणारीला माघारी वळता येत नाही. एकदा दिशा धरली, की तीच. पळणारी हाताच्या अंतरावरून मागे निसटली, तरी वळायचं नाही. वळता येतं ते खांबापाशी. तिथवर पोचायचं, खांबाला हात घालायचा, अंग झोकून द्यायचं, आणि मग तोंड फिरतं.

हंगामभर ही लेकरं पुढेच बघत होती. मागे बघायला सवड नव्हती, मुभाही नव्हती.

आजची संध्याकाळ हा त्यांचा खांब आहे.

म्हणून ती बसलीत.

तुमचाही काही हंगाम सरला असेल. कामाचा असेल. घराचा, आजारपणाचा, कुणाची वाट बघण्याचा. तुम्ही पुढे पुढेच पळत असाल.

आत्ता खांबाला हात घाला.

लाकूड कसं आहे ते बघा. गार आहे? गुळगुळीत आहे? तुमच्या आधी किती हात इथं येऊन गेले असतील.

तोंड आपोआप फिरेल. जेवढं फिरेल तेवढंच फिरू द्या.

मागे काय दिसतं?

उत्तर द्यायची गरज नाही. बघा, आणि श्वास घ्या.

आणि विचारा, हळूच, आपल्याच पाठीला. कुणाचा तळवा होता? कुणी तुला उठवलं आणि स्वतः तुझ्या जागी बसलं?

एखादा चेहरा येईल. येणार नाही कदाचित. नुसती ऊब येईल.

आली तर येऊ द्या.

*

ऊन गेलं.

किल्ल्याचे बुरूज आधी काळे झाले. मग डोंगर. आता लिंबाचं झाड.

लेकरं अजून उठलेली नाहीत. सर घड्याळ बघत नाहीत. कुणीतरी स्वेटरच्या बाह्या तळव्यांवर ओढून घेतल्यात. कोपराची खपली तशीच आहे. मातीतल्या दोन रेघा आता दिसत नाहीत.

मोकळ्या जागेशेजारी बसलेली पोर हात लांब करते. त्या मोकळ्या मातीवर तळवा टेकवते.

तुम्हीही टेकवा. जिथं बसला आहात, तिथं. फरशी असेल, सतरंजी असेल, माती असेल.

वर हवा गार झाली आहे.

माती अजून कोमट आहे. दिवसभराचं ऊन तिनं आत धरून ठेवलंय.

हात तिथंच राहू द्या.