पुट्टी कुणाला लावतोस?

आधी तो ग्राइंडर बंद कर. चकती पूर्ण थांबू दे. आता इकडे ये आणि तोंड उघडू नकोस.

सायकलच्या हँडलखालची तिरकी नळी लगमधून, म्हणजे जोडावरच्या बाहीतून, बाहेर पडते ना, तिथे बोट फिरव. डोळे मिटून फिरव. लागला खड्डा? झाळणीचं जास्तीचं पितळ काढायला सांगितलं होतं, तू नळीच खाल्लीस. ही बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची ५३१ नळी आहे. १९३५ साली आली, तेव्हापासून हिचं नाव आहे ते पातळपणाबद्दल. टोकाशी जाड, मध्ये पातळ, आणि जाड म्हणजेही मिलिमीटरच्या आत. समज ०.९ होती आणि तू ०.३ उडवलीस. तिसरा हिस्सा गेला! फ्रेमला चिरा पुष्कळदा याच कडेला जातात. पुढचा ब्रेक दाबला की सगळा ताण इथे येतो.

ती निळी झाक कसली? पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तशी दिसते. त्याने नळी मेली नाही, झाळताना ती याच्या तिप्पट तापलेली असते. पण तू एका जागी किती वेळ टेकून बसलास, ते मला कळलं.

मशीनचं मला वावडं नाही. भंगार नळी कापायची असेल तर खुशाल लाव ग्राइंडर. जोडावर मात्र कानसच. पितळ मऊ, पोलाद कठीण. गोल कानस पितळावरून नळीवर सरकली की हाताला लगेच कळतं, आवाजही बदलतो. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. शेवटी एमरीची पट्टी दोन्ही हातांनी ओढायची, बूट चमकवतात तशी. पाऊण तास लागतो. लागू दे! तुझ्या चकतीला पितळ काय नि पोलाद काय, मिनिटाला दहा हजार फेऱ्या मारत ती सगळंच खाते.

आणि वर विचारतोस, "सर, पुट्टी भरून रंग मारू का?" रंगाखाली ताकद भरतोस? उतारावर त्या माणसाचे दात पडले की बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

नळी बदलावी लागेल. गिऱ्हाइकाला फोन तू करायचास, माझ्यासमोर, आणि ग्राइंडर हा शब्द गाळायचा नाही. मग ती अर्धगोल कानस आण. आधी तारेच्या ब्रशने तिचे दात साफ कर, गेल्या आठवड्याचं ॲल्युमिनियम अजून अडकलंय त्यात.