घेणाऱ्याचा नकार

घरात नको झालेली वस्तू दुसऱ्याला दिली म्हणजे ते दान होते काय? हा प्रश्न एरवी आपल्या मनाला शिवत नाही, कारण वस्तू एकदा दाराबाहेर गेली की ती दृष्टीआड होते. जुने कपडे घरकाम करणाऱ्या बाईला, रद्दी रद्दीवाल्याला, मोडकी खुर्ची भंगारवाल्याला आणि जे कोणीच घेत नाही ते घंटागाडीला, अशी वाटणी वर्षानुवर्षे ठरून गेलेली असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ही वाटणी मोडून पडली. भंगारवाल्याची आरोळी थांबली. जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार बंद झाला. नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी माणसे रिकामी बसली होती. माळे आणि कपाटे उपसली गेली, गाठोडी बांधून झाली आणि ती न्यायला कोणी नाही! त्या वर्षीच्या जुलै महिन्यात १० ते १८ तारखेपर्यंत तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कडक संचारबंदी होती. कित्येक घरांच्या जिन्याखाली ही गाठोडी तशीच पडून राहिली.

शिवाय भीती होती. प्लास्टिक आणि पोलाद यांवर हा विषाणू तीन दिवसांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत टिकू शकतो, असे प्रयोगशाळेतील निष्कर्ष मार्च २०२० मध्येच प्रसिद्ध झाले होते. वस्तूंच्या स्पर्शातून संसर्ग होण्याचा धोका प्रत्यक्षात अल्प आहे, हे अमेरिकेतील आरोग्य यंत्रणेने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले. पण मधल्या वर्षभरात लोक भाजीसुद्धा साबणाच्या पाण्यात बुडवत होते. त्यांना आज हसणे सोपे आहे.

दुसऱ्या लाटेतील एक प्रसंग सांगतो. एका कुटुंबातील वडील रुग्णालयातून परत आले नाहीत. त्यांचे कपडे, शाल, अंथरूण हे सारे एका पोत्यात भरण्यात आले. भरताना मुलांनी हातमोजे घातले होते. ते पोते त्यांनी इमारतीच्या रखवालदाराला देऊ केले. त्याने हात जोडून नको म्हटले. मुलगा मला दूरध्वनीवर म्हणाला, “फादर, चांगली लोकरीची शाल होती. आजकाल गरीबसुद्धा नाही म्हणतात.”

त्याच्या दुःखाविषयी मला बोलायचे नाही. बापाला खांदा देता आला नाही, त्याचे मुखही पाहता आले नाही; अशा मुलाला बापाची शाल कोणाच्या तरी अंगावर असावी असे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे. पण त्याच्या तोंडून निघालेल्या ‘सुद्धा’ या शब्दापाशी मी अडखळलो. ज्या वस्तूला आपण हातमोज्यांशिवाय शिवत नाही, ती गरिबाने मात्र आभार मानून अंगावर घ्यावी, असे आपण कधी गृहीत धरले? ती शाल धुऊन, चार दिवस उन्हात ठेवून, ‘ही अशा आजाऱ्याची आहे, हवी असेल तर घे’ असे सांगून दिली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. सख्ख्या भावाला ती आपण तशीच दिली असती. रखवालदाराचा नकार उद्धट नव्हता. आपल्या दानात नकाराला जागाच ठेवलेली नसते, म्हणून तो उद्धट वाटला.

याउलट आपल्या बोहारणीकडे पाहा. ती उंबऱ्याशी बसते, स्टीलच्या भांड्यांची पाटी खाली ठेवते आणि साडी उजेडाला धरून विरलेला भाग शोधते. पँटचा गुडघा ओढून पाहते, चेन वरखाली करते, चार कपडे बाजूला सारते आणि म्हणते, ‘हे नको.’ एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चालते. या व्यवहारात धर्म नाही, पुण्य नाही. पण ती कोणाचे उपकार घेत नाही आणि तिच्या ‘नको’चा कोणाला रागही येत नाही. आपल्या कपड्याची खरी किंमत ती आपल्याला तोंडावर सांगते. आपल्या कितीतरी दानधर्मापेक्षा बोहारणीचा हा सौदा मला अधिक न्याय्य वाटतो.

नकाराचा दुसरा, मोठा धडा या शहराने त्याआधीच पाहिला होता. तीन दशकांहून अधिक काळ आपला कचरा नारेगावला जाऊन पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. ‘आता नको,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. कचरा रस्त्यारस्त्यावर साचला आणि मार्चमध्ये मिटमिट्यात तो टाकण्यावरून दगडफेकही झाली. तोवर आपला कचरा कोणाच्या दारात जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले होते?

चौथ्या शतकातील संत बाझिल यांची शिकवण अशी, की पेटीत पडून राहिलेले जादा वस्त्र हे मुळी उघड्याचेच असते. हे मान्य केले तर आपले देणे ही परतफेड ठरते. परतफेडीची रीत तर आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: शेजारणीची वाटी आपण खरकटी परत करीत नाही आणि शक्यतो रिकामीही नाही. त्याच शतकातील संत मार्टिन यांनी आमियाँच्या वेशीवर थंडीने काकडणाऱ्या भिकाऱ्याला अर्धा झगा कापून दिला, तो अंगावरचाच. उरलेल्या अर्ध्या झग्यात ते विचित्र दिसले आणि पाहणारे हसले. अडगळीत पडलेला झगा दिला असता, तर हसायला कोणाला काही कारण नव्हते.

यावर कोणी म्हणेल, थंडीत कुडकुडणाऱ्याला निवडीची चैन कुठून? खरे आहे, पण त्याला निवड नाही, म्हणून आपली जबाबदारी वाढते. ८ मे २०२० रोजी पहाटे, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. त्यांच्या चपला आणि भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्या दिवसांत रस्त्याने चालणाऱ्यांना पाणी, पादत्राणे आणि घरी नेणारे वाहन हवे होते. आपल्या गाठोड्यांत पडदे होते आणि तोकडे झालेले फ्रॉक.

आमच्या धर्मग्रामात आता कपड्यांची पोती स्वीकारत नाहीत. ज्याने त्याने धुऊन, इस्त्री करून आणायचे आणि सभागृहात टेबलावर मांडायचे. घेणाऱ्याने पाहून निवडायचे आणि पाच रुपये द्यायचे. चर्चमध्ये दुकान मांडले, अशी कुरकूर झाली आणि अजून होते. मागच्या खेपेस एका बाईने निवडलेली साडी पुन्हा घडी करून ठेवली. रंग आवडला नाही म्हणाली. टेबलाशी बसलेल्या आमच्या भगिनींना ते क्षणभर रुचले नाही. मग त्यांच्यातल्या एकीने दुसरी साडी उलगडून तिच्यापुढे धरली.